छ्या आणि बापाची काठी

त्याला गावात सगळे 'छ्या' म्हणत. अर्थात पाठीमागे. तोंडावर काही म्हणायची सोय त्याने कुणालाच ठेवली नव्हती. मोडकी गळाची काठी घेऊन कुणी त्याच्या दारात उभं राहिलं की तो आधी काठीकडे बघायचा, मग माणसाकडे, मग पुन्हा काठीकडे, आणि नाकातून वारा सोडून म्हणायचा, छ्या. तेवढ्यात समोरच्याची अक्कल, त्याचं वळण आणि त्याच्या सात पिढ्या निघायच्या. माणूस बिचारा आला असायचा एक कडी बसवून घ्यायला, जायचा खाली मान घालून.

जिन्याखालची लांबट खोली हे त्याचं दुकान. एकच खिडकी, तीही मागच्या अंगणातल्या वाळत्या कपड्यांकडे तोंड करून. भिंतीशी पत्र्याचे उंच डबे आणि डब्यांतून वर डोकावणारे काठ्यांचे तुकडे. लाकूड चिकटवायच्या तापलेल्या सरसाचा वास असा मुरलेला की त्याची बायको म्हणायची, तुम्ही बाजारात गेलात तर मला घरबसल्या कळतं कोणत्या गल्लीत आहात ते.

जुनी बांबूची काठी म्हणजे रानातून तोडून आणलेला बांबू नव्हे. बांबूच्या सहा लांब कामट्या रंध्याने तासायच्या, कडेला कड लावून चिकटवायच्या, की सहा कोनांची एक सळसळती छडी तयार होते. अशा तीन छड्यांची एक काठी. जाड तो बुडखा, मग मधला तुकडा, टोकाचा शेंडा. तिघांना जोडायला पितळी नळ्या, एकीत एक बसणाऱ्या. दोरी ओवायला कड्या, त्या रेशमी धाग्याने बांधलेल्या. हातात धरायला बुचाची मूठ. आता अशा काठ्या कुणी करत नाही. दुकानात कारखान्याच्या काळ्या काठ्या मिळतात, त्यांना छ्या झाडूचे दांडे म्हणायचा. झाडूचे दांडे वापरणाऱ्यांना काय म्हणायचा ते इथे लिहिण्यासारखं नाही.

तेव्हा त्याचा सगळा धंदा जुन्यावर. याचा शेंडा त्याला, त्याची नळी ह्याला. गावात कुणी म्हातारा मासेमार गेला की चार दिवसांनी हा त्याच्या घरच्यांच्या दारात हजर. अडगळीतली काठी हातात घ्यायची, उजेडात धरायची, छ्या म्हणायचं, हिच्यात काही राहिलेलं नाही म्हणून सांगायचं आणि उपकार केल्यासारखी काखोटीला मारून घरी आणायची. मग दिव्यावर नळी ऊन करायची, आतला सरस मऊ झाला की पिळून ओढायची. बुडखा एका डब्यात, शेंडा दुसऱ्यात, कड्या बरणीत. माणूस मातीत जायचा आणि त्याची काठी ह्याच्या डब्यांत वाटली जायची.

आणि गिऱ्हाइकांना काय मिळायचं? उरलंसुरलं. गाढवाला गुळाची चव काय, हे त्याचं तत्त्वज्ञान. ज्याला फरक कळत नाही त्याला चांगलं द्यायचंच कशाला? म्हणून कडी जरा वाकडी बसली तरी चालतं, व्हार्निशचा एकच हात दिला तरी चालतं. चांगला माल जपून ठेवायचा, लायक माणूस येईल तेव्हा वापरायचा. लायक माणूस आयुष्यात एकही आला नाही. हे तत्त्वज्ञान फार सोयीचं असतं बरं का. सगळं जग नालायक ठरवलं की आपण आळशी आहोत हे कुणाला कळतच नाही, आपल्यालासुद्धा.

धागा बांधायचं काम बायकोचं. तिची बोटं बारीक आणि जीभ त्याहून बारीक. औषधाच्या दुकानवाला एकदा आपली काठी परत घेऊन आला, शेंडा डावीकडे जातो म्हणाला. छ्याने त्याला सुनावलं, की नाचता येईना अंगण वाकडं. औषधवाला गेल्यावर बायको धागा न थांबवता म्हणाली, अंगण वाकडंच आहे, मी बांधतानाच बघितलं होतं. त्यावरही तो छ्याच म्हणाला.

एवढा तोरा कशाच्या जोरावर? तर बापाच्या. बापाचं दुकान हेच, काम हेच. पण बापाने दुरुस्त्या करता करता स्वतःसाठी एक काठी केली होती. कामट्या फोडण्यापासून मुठीवर तापल्या सळईने स्वतःची खूण उमटवण्यापर्यंत सगळं स्वतः. आयुष्यात एकच. तिला दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायचा नाही, पोटच्या पोरांनाही नाही. त्या काठीने बापाने असे मासे काढले की लोक अजून त्यांची लांबी हाताने दाखवतात, आणि दरवर्षी हात थोडे जास्त फाकतात. काठीचं नाव झालं, काठीमुळे बापाचं झालं. असे हात आता राहिले नाहीत, असं लोक म्हणायचे. हे वाक्य उठता बसता ऐकायचं आणि आपले दोन्ही हात तर धडधाकट आहेत, अशा माणसाची काय गत होत असेल?

बाप गेला तेव्हा सांगून गेला, काठी मोठ्याला, हत्यारं धाकट्याला. झालं. तिथे ठिणगी पडली ती विझलीच नाही.

मोठा भाऊ, म्हणजे दादा, बस चालवायचा. मोठ्या पोटाचा, मोठ्याने हसणारा, कुणाशीही दोन मिनिटांत ओळख काढणारा माणूस. त्याला काठीतलं ओ की ठो कळत नव्हतं. बापाची काठी घरात छत्र्यांच्या कोपऱ्यात, केरसुणीला टेकून. ओली तशीच उभी. पण मासे मात्र लागायचे लेकाला, तळ्याशी नातं असल्यासारखे. छ्याला हे बघवत नसे. बायको म्हणायची, अहो, हत्यारं दिली म्हणजे धंदा दिला की तुम्हाला, भाऊजींना काय, एक काठीच ना. तो म्हणायचा, धंदा दिला, नाव दिलं नाही. त्याला आयुष्यात एवढंच हवं होतं, की बापाचा खरा वारस तो आहे हे एकदा ठरावं. दादा नव्हे, तो. त्यासाठी ती काठी हातात यायला हवी होती, आणि ती कधीतरी मोडेल म्हणून तो वर्षानुवर्षं गिधाडासारखा वाट बघत होता.

शेवटी मोडली. दादाने बसच्या दारात शेंडा चेंगरला. सकाळीच काठी कापडात गुंडाळून दुकानात आला, चेहरा पडलेला.

"बघ रे, वाचते का," दादा म्हणाला. "बाबांची आहे. दुसऱ्या कुणाकडे नेणार?"

छ्याने कापड उलगडलं. छ्यासुद्धा म्हणायला विसरला. मग भानावर येऊन म्हणाला, की अशी वापरलीस तर लोखंडाची असती तरी मोडली असती. नळ्या सैल झाल्यात, सगळी खोलावी लागेल, वेळ लागेल, मध्ये मध्ये विचारायला यायचं नाही. दादा हो हो म्हणाला, खांद्यावर थाप मारून गेला. छ्याने दुकानाचं दार लावून घेतलं.

त्याचा बेत दादा गल्लीच्या टोकाला पोचायच्या आतच तयार झाला होता. काठीत दादाच्या ओळखीचं काय होतं? बापाच्या पंजाने काळी पडलेली बुचाची मूठ, तिच्यावरची जळकी खूण, पितळी नळ्यांवरचे ओरखडे. बांबू बांबूसारखाच दिसतो. तेव्हा मूठ आणि नळ्या काढायच्या, डब्यातल्या मेलेल्यांच्या तुकड्यांना चढवायच्या, आणि ते सोंग दादाच्या हातात द्यायचं. बापाचा बांबू, बापाने तासलेल्या कामट्या, म्हणजे खरी काठी, आपल्याकडे. मोडलेला शेंडा जोडला की झालं.

बायकोला हे सांगावंच लागलं, धागा तिच्याशिवाय कोण बांधणार. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "ह्याला चोरी म्हणतात."

"वारसा म्हणतात," तो म्हणाला.

"वारसा दिवसाढवळ्या मिळतो. दार कशाला लावलंत मग?"

तो दिवा पेटवायला वळला. तिने मात्र बापाच्या काठीवर होता तसाच मळकट हिरवा धागा शोधून आणला. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, असं पुटपुटत आणला, पण आणला. नवऱ्याच्या पापात निम्मा वाटा असतोच, असं तिचं मत होतं. तो टाळता येत नाही म्हणून निदान धागा तरी सरळ बांधावा.

आता गंमत बघा. दादाला काही कळत नव्हतं, पण औषधवाल्याला कळत होतं. तो बापाबरोबर तळ्यावर बसलेला माणूस, त्याची नजर घारीची. त्याला संशय आला असता तर गावभर बोभाटा. म्हणून ह्या सोंगावर छ्याने जी मेहनत घेतली ती आयुष्यात कुठल्या प्रामाणिक कामावर घेतली नव्हती. डबे पालथे घातले. बापाच्या बांबूला जिथे पेरं होती, जवळजवळ तिथेच पेरं असलेला बुडखा शोधला. तो एका मेलेल्या गवंड्याचा निघाला. मधला तुकडा एका शाळेच्या शिपायाचा. शेंडा एका म्हातारीचा, जी नवऱ्याच्या माघारी त्याच्या काठीने मासे धरायची. तिन्ही तुकडे दिव्यावर ऊन करून सरळ केले, डोळ्याशी धरून बघितले, पुन्हा ऊन केले. कोन जुळेनात म्हणून काचेच्या तुकड्याने बुडखा खरवडला, अगदी साल काढल्यासारखा, थोडा, मग वाकवून बघायचा, मग अजून थोडा. व्हार्निशचा हात वाळला की घासायचं, पुन्हा हात. जेवणाला हाका मारून बायकोचा घसा बसला. लायक माणूस आला नव्हता, पण लायक चोरी आली होती.

दादा काठी घ्यायला आला. मुठीवरून बोट फिरवलं, खुणेवर थांबला, डोळ्यांत पाणी आलं त्याच्या. छ्याने खिडकीतून कपडे बघितले.

मग आला खरा सोहळा. बापाच्या बांबूवरचा जुना धागा सोडायचा, जुनं व्हार्निश उतरवायचं आणि आत बापाचा हात बघायचा. छ्याने हात धुतले. पहिला धागा सोडला आणि खाली कामटीला फट दिसली. फटीत सरस आणि लाकडाचा भुसा कालवून भरलेला. म्हणाला, असेल, काहीतरी कारण असेल. दुसरा धागा सोडला. तिथे एक कामटी आखूड पडली होती, दुसऱ्या बांबूचा तुकडा जोडून वेळ मारून नेली होती. तिसऱ्याखाली कोन बसला नव्हता म्हणून धागाच दुप्पट गुंडाळला होता. जिथे जिथे धागा जास्त सुंदर, तिथे तिथे खाली घाण जास्त. रंधा मारलेला असा, की कुणा गिऱ्हाइकाने करून आणलं असतं तर छ्याने त्याला दारातून बाहेर ढकललं असतं.

तरीही त्याने ती जोडली. नवी मूठ आणि डब्यातल्या नळ्या बसवल्या, मोडलेला शेंडा सांधला आणि गावाबाहेरच्या कालव्यावर, जिथे कुणी येत नाही तिथे, एकटा जाऊन टाकून बघितली. दोरी पायात पडली. पुन्हा टाकली, डावीकडे झुडपात गेली. वाऱ्याला नावं ठेवली, दोरीला ठेवली, आपल्या नव्या मुठीला ठेवली. मग नावं ठेवायला कुणी उरलं नाही. बापाला दुरुस्ती येत होती, मासे धरता येत होते, काठी करता येत नव्हती. म्हणून तर कुणाला हात लावू द्यायचा नाही. मासे त्याने काठीमुळे धरले नव्हते, काठी असूनही धरले होते. दादाचंही तेच.

कालव्याच्या काठावर बसून तो आयुष्यात पहिल्यांदा बापाला छ्या म्हणाला. वाईट वाटायला हवं होतं. वाटलंही, घटकाभर. पण घरी येता येता त्याच्या छातीत काहीतरी फुगायला लागलं. म्हणजे इतकी वर्षं ज्याच्याखाली दबून राहिलो तो डोंगर भुशाचा होता! वारस कसला, आपण बापापेक्षा सरस आहोत. आता फक्त हे लोकांना कळायला हवं. कसं कळणार? काठी माझ्याकडे आहे असं तर सांगता येत नाही. मग त्याला वाट दिसली. दादाकडे जे सोंग आहे, मेलेल्यांच्या तुकड्यांचं, ते काय धड चालणार आहे? दादा चारचौघांत टाकेल, दोरी पायात पडेल. मग आपण पुढे व्हायचं आणि शांतपणे म्हणायचं, की बाबांचं काम असंच होतं, मी खोलून बघितलंय, मला ठाऊक आहे. खोटंही नाही. तो इतका खूश झाला की बायकोने बांधलेल्या धाग्याला बरा आहे म्हणाला. तिने त्याच्या कपाळाला हात लावून बघितलं.

सुट्टीच्या दिवशी सकाळी दादाचा निरोप आला, तळ्यावर ये, काठी दाखवायची आहे. छ्या दाढी करून गेला. इतरही मंडळी होती, नेहमीचीच, ज्यांना त्याने कधी ना कधी दारातून हाकललेलं. औषधवाला आपली वाकड्या शेंड्याची काठी घेऊन दगडावर बसला होता. छ्याने सगळ्यांकडे एक नजर टाकली. आज ह्या गाढवांना पण चार गोष्टी कळतील, असं त्याच्या मनात आलं.

दादाने पाय रोवले आणि काठी मागे नेली. काही आवाज आला नाही. दोरी वर गेली, सरळ झाली, आणि समोरच्या लव्हाळ्यापर्यंत, जिथे ह्या काठावरून कुणाची दोरी कधी पोचली नव्हती, तिथे जाऊन पाण्यावर टेकली. टेकली म्हणजे टेकलीच, पाणी हललंसुद्धा नाही. दादाने पुन्हा टाकली. पुन्हा तिथेच.

"इतकी वर्षं नळ्या सैल होत्या म्हणून झाकलं गेलं होतं सगळं," दादा सगळ्यांना सांगत होता, लहान मुलासारखा. "ह्याने साफ केली आणि बाबा बाहेर आले बघा." मग त्याने काठी छ्याच्या हातात दिली. "धर. तुझाही बाप होता. कधी हातात घेतलीच नाहीस ना तू."

छ्याने टाकली. खांद्यापासून शेंड्यापर्यंत एकच लाट गेली, कुठे अडली नाही, कुठे अडखळली नाही. गवंड्याचा बुडखा त्याच्या मनगटात जागा झाला, शिपायाच्या तुकड्याने ओझं पुढे नेलं, म्हातारीच्या शेंड्याने ते अलगद सोडून दिलं. त्याने जन्मात हजारो काठ्या हातात घेतल्या होत्या. अशी एकही नव्हती. ही त्याने केली होती. काचेने खरवडून, डोळ्याशी धरून, जेवण विसरून त्यानेच केली होती, आणि मुठीवर त्याच्या अंगठ्याखाली बापाची खूण होती. ती तिथे त्यानेच आणून बसवली होती. खरी घरी पलंगाखाली पडली होती, भुसा भरलेली. तोंड उघडलं तर चोर, मिटलं तर काहीच नाही.

औषधवाला दगडावरून उठून आला. त्याने काठी घेतली, डोळ्याशी धरून बुडख्यापासून शेंड्यापर्यंत बघितली, बराच वेळ. ओळखावं ह्याने, असं छ्याला वाटलं. बोभाटा होऊ दे, दादाने तोंड फिरवू दे, पण ओळखावं. ह्या एका माणसाची नजर चुकवायला तर एवढं केलं, आता त्याच नजरेला सापडावं असं वाटत होतं. औषधवाल्याने काठी खाली केली, आपली वाकडी काठी बगलेत धरली आणि इतक्या वर्षांचं एकदम काढलं.

"बघून घे नीट," तो म्हणाला. "ह्याला काम म्हणतात. तू धूळ पुसलीस, तेवढी तुझी लायकी. असं तुला सात जन्मांत जमायचं नाही."

सगळे छ्याकडे बघत होते. तो आता काय म्हणणार हे सगळ्यांना ठाऊक होतं, काही जण तर आधीच हसायच्या तयारीत होते. दादा मध्ये पडला, म्हणाला जाऊ द्या हो, त्याने मन लावून साफ केलीय.

"नाही जमायचं," छ्या म्हणाला.

मग त्याने दोरी गुंडाळली, खिशातल्या फडक्याने काठी बुडख्यापासून शेंड्यापर्यंत कोरडी पुसली, आणि छत्र्यांच्या कोपऱ्यात ठेवू नकोस एवढं सांगून दादाच्या हातात दिली.